सातवा रकाना

रजिस्टरात सहाच रकाने होते :
नाव, वय, पत्ता, कारण, वेळ, शेणी किती लागल्या.
त्या वर्षी पट्टी धरून
सातवा मी आखला : उपस्थित.
विसाच्या वर जायचं नाही,
असा आदेश फाटकावर डकवलेला.
डिंक माझ्याच बोटांचा.

मंगळवारी सुलाबाई कातवरे. सत्तावन्न.
कपिलतीर्थात लिंबं विकायची.
माणसं मोजून आत सोडली,
विसावा जावई निघाला.
एकविसावी तिची बहीण,
गडहिंग्लजहून दुधाच्या टेंपोत बसून आलेली.
मी हात आडवा केला.
बाई, नियम आहे.
भांडली नाही.
भांडली असती तर मला बरं गेलं असतं.
शिवाजी पुलावर जाऊन उभी राहिली
कठड्याला धरून,
आणि धूर त्या दिवशी गावाकडं वळला,
पुलाकडं आलाच नाही.

शुक्रवारी आण्णा.
सातगोंडा आण्णा : कारखाना, बँक, दूध संघ,
वय एक्याण्णव, कारण वार्धक्य.
माणूस वाईट नव्हता.
मला शेतात नको, पंचगंगेवर न्या,
म्हणायचे म्हणे.
सकाळी आठला साहेबांचा फोन :
खुर्च्या पुसून ठेवा.
किती, साहेब?
वीस, म्हणाले, आणि हसले.

दहाला गाड्यांची रांग गंगावेशीच्या पार.
इस्त्रीचे पांढरे कपडे, मास्क हनुवटीवर,
बारा वर्षं एका स्टेजवर न बसलेले दोघं
गळ्यात गळा घालून रडले, फोटोवाला म्हणेपर्यंत.
पोलिसांच्या गाडीवरचा कर्णा सांगत होता,
अंतर ठेवा, गर्दी करू नका,
आणि मधेच त्याच आवाजात,
मंत्रीसाहेबांना वाट द्या.
हेच मंत्री महिन्यापूर्वी टीव्हीवर
हात जोडून म्हणाले होते, घरातच थांबा.
तेव्हाही हात असेच जोडले होते,
अंगठ्या तेवढ्या आज जास्त दिसल्या.

मी फाटकात होतो.
सवयीनं हात आडवा गेला.
कुणीतरी त्या हातावर हार ठेवला,
जरा धर, म्हणाला, आणि आत गेला.
अर्धा तास मी तो हार धरून उभा.
निशिगंधाचा होता, ओला, जड.

तेवढ्यात ती आली, स्टीलचा डबा घेऊन,
बहिणीची रक्षा न्यायला.
गर्दीकडं बघितलं, हाराकडं बघितलं.
दादा, म्हणाली, ह्यांचं वीस
कितीला संपतंय?

खरंच विचारत होती.
थांबायचं किती, एवढंच तिला पाहिजे होतं.

संध्याकाळी घाटावर पाण्याच्या बाटल्या,
एक चष्मा, कुणाचा तरी डाव्या पायाचा बूट.
आण्णांच्या ओळीत मी लिहिलं : २०.
साहेब मागं उभे होते.
अक्षर छान आहे तुमचं, म्हणाले.

ते गेल्यावर मंगळवारचं पान काढलं.
तिथंही २०.
शून्याला खाली शेपूट ओढलं की एक होतो,
वेळ लागत नाही. २१.
पुलावर का असेना,
आली होती.

पुढं पेपरात आलं, बोंब झाली.
मंत्री म्हणाले, लोकांच्या भावना होत्या,
मी लांबूनच नमस्कार केला,
कुणाला वाईट वाटलं असेल तर दिलगीर आहे.
चौकशीला सांगलीकडचे एक अधिकारी आले.
चहा नको म्हणाले. रजिस्टर मागितलं.
शुक्रवारवर बोट ठेवलं. वीस.
ठीक.
मग पानं मागं चाळत गेले
आणि मंगळवारवर थांबले.
हे काय? एकवीस?
खाडाखोडही दिसते.

त्या अख्ख्या वर्षात
आमच्या घाटावर नियम मोडल्याची
तेवढी एकच नोंद आहे.
सात दिवसांत खुलासा द्या, असं पत्र आलं.
कोरा कागद पुढ्यात आहे.
महोदय, एवढं लिहून झालंय.